ब्रेकमावशीचा उतार

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम करणारी बाई एकच होती, आणि तिला तिच्या नावानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. फोरमनपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांची ती ब्रेकमावशी. बसच्या ड्रमवर हातोडीचा हलका टोला द्यायची आणि आवाजावरून सांगायची, आतलं लायनर, म्हणजे चाकाला घासून थांबवणारी पट्टी, किती झिजलंय. नवे मेकॅनिक एकमेकांना डोळा मारायचे. मग ड्रम उघडून माप घेतलं की तेच डोळे जमिनीला खिळायचे.

अख्ख्या डेपोच्या गाड्या जिच्या जिवावर थांबायच्या, ती बाई स्वतः मात्र उताराला भ्यायची.

भ्यायची म्हणजे कशी? शहरातल्या उड्डाणपुलावरून बस खाली यायला लागली की ती समोरची दांडी दोन्ही हातांनी धरायची, आणि तिचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, जणू तिथं पेडल आहे. एकदा तो पाय शेजारच्या माणसाच्या बुटावर पडला.

"बाई, गाडी ड्रायव्हर चालवतोय," तो वैतागून म्हणाला.

"त्याचीच तर भीती आहे," ही म्हणाली.

पण हे झालं बोलण्यापुरतं. तिला भीती होती ती स्वतःच्या हाताची, आणि ती तिनं अकरा वर्षं कुणाजवळ उघड केली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी डोंगरावरून उतरणारी एक बस नवव्या वळणाचा कठडा तोडून खाली गेली. तीन माणसं गेली, ड्रायव्हरचा पाय गेला. त्या बसला आदल्याच दिवशी चारही चाकांना नवं लायनर ब्रेकमावशीनं बसवलं होतं. चौकशी समिती बसली. बसली म्हणजे खरोखरच बसली. उठून वर्कशॉपपर्यंत यायचे कष्ट एकानंही घेतले नाहीत. कागदांवरूनच ठरलं की गाडीत दोष नाही, ड्रायव्हरनं वरपासून ब्रेकवर पाय ठेवून गाडी आणली, म्हणून ब्रेक जळले. ज्याचा पाय गेला त्याची नोकरीही गेली. साहेबलोकांच्या जगात दोष नेहमी असाच उताराला लागतो. जो सगळ्यात खाली उभा, त्याच्या पायाशी येऊन साचतो.

मावशीला कुणी एक शब्द विचारला नाही, आणि तेच तिला आतून कुरतडत राहिलं. कारण त्या संध्याकाळी मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक आवळत असताना पाळी संपल्याचा भोंगा झाला होता, आणि पान्याचा शेवटचा अर्धा फेरा आपण दिला की नाही, हे तिला आठवत नव्हतं. दिलाच असणार. हात कधी चुकला नव्हता. पण आठवत नव्हतं. ड्रायव्हरच्या घरी जाऊन हे सांगावं असं तिला शंभरदा वाटलं, आणि शंभरदा तिनं चप्पल पायातून काढून ठेवली.

तेव्हापासून घाटातल्या गाडीला तिनं हात लावला नाही. घाटाची बस तपासणीच्या खड्ड्यावर आली की हिची पाठ धरायची. "तू बघ रे बाबा, मला वाकवत नाही." तपासणीच्या कार्डावर सही दुसऱ्याची. फोरमनला सगळं दिसत होतं, पण तो जुना माणूस. ज्या पाठीचं दुखणं फक्त एकाच गाडीला उठतं, तिला औषध विचारू नये, एवढं त्याला कळत होतं.

आणि हिच्याच पोटची पोर बस ड्रायव्हर झाली.

पोरीनं शहरात दोन वर्षं गाडी चालवली, गाडीला एक ओरखडा नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर ड्युटीचा नवा तक्ता लागला. लेकीच्या नावापुढे घाटाची गाडी.

"नाही म्हणून सांग," आई म्हणाली. भांडी घासत होती, वळून बघितलंही नाही.

"का?"

"मी सांगते म्हणून."

"आई, मी शाळेत नाही आता. कारण सांग."

"घाट वाईट आहे."

"घाट डांबराचा आहे. वाईट-चांगली माणसं असतात."

"जास्त शहाणी झालीस! उद्या फोरमनकडे जाते आणि सांगते, हिला चक्कर येते."

लेकीनं हातातलं ताट आपटलं नाही, हळूच ठेवलं. ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं. "जा, सांग. बाईला घाट झेपणार नाही म्हणायला अर्धा डेपो टपलेलाच आहे. त्यात पहिला नंबर माझ्या आईचा."

मावशीनं तेच पातेलं पुन्हा घासलं. नळ चालू होता.

"तू त्या घाटात शेवटची कधी गेलीस? डोंगराकडे तोंड करून कपडेसुद्धा वाळत घालत नाहीस तू," लेक पेटली होती. "डेपोच्या भिंतीवर कागद लागलाय, वाच. दीड महिन्यानं रविवारी घाट गाड्यांना बंद. वरून खाली हाफ मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर, साडेतीन तास. तू पळत ये खाली. वेळेत आलीस, तर मी घाटाचं नाव काढणार नाही. मध्येच बसलीस, तर माझ्या गाडीचे ब्रेक तू तपासायचे, तुझ्या सहीनं, आणि वर तोंड बंद ठेवायचं. तोवर मी फोरमनकडून बदली ड्युटी मागून घेते."

पोर रागाच्या भरात बोलून गेली होती. आई हो म्हणेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"लागली पैज," मावशी म्हणाली.

आणि तिनं नळ बंद केला.

टायर सेक्शनला एक दादा होता, शर्यती पळणारा, बांबूसारखा वाळका. मावशीनं त्याला धरलं. त्यानं तिला दीड महिना रोज सकाळी सहा मजली पार्किंगच्या रॅम्पवर नेलं. वर जाताना मावशी तक्रार न करता जायची. खाली येताना मागे रेलायची, टाच रोवायची, गुडघा ताठ.

"मावशी, मागे कशाला रेलताय? उताराला अंग द्या!"

"अंग दिल्यावर थांबवणार कोण?"

"थांबायचंच नाहीये!"

"तू टायरवाला. तुला फक्त फिरायचं कळतं."

दादानं कपाळावर हात मारला. "चढ माणसाला दमवतो, मावशी. उतार मोडतो. लक्षात ठेवा." मावशीनं ते लक्षात ठेवलं आणि तशीच रेलत राहिली. डोक्याला कळलं होतं, मांड्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी पहाटे पळणाऱ्यांना बसनं डोंगरावर नेलं. चढ होता, म्हणून मावशीला फारसा त्रास झाला नाही. तिनं फक्त डोळे मिटून घेतले. वर गार वारा होता. पोरंपोरी उड्या मारत होती, फोटो काढत होती. मावशी तीनदा शौचालयात जाऊन आली. छातीवर नंबरचा कागद लावताना टाचणी दोनदा बोटात घुसली. बावन्नाव्या वर्षी ही अवदसा आठवली कशाला, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि मग खाली अंतिम रेषेपाशी उभ्या असलेल्या लेकीचा चेहरा आठवला. ती बस, तो कठडा, आणि स्टिअरिंगवर ती. बस्स. एवढं आठवलं की पाय आपोआप निघत.

बरोबर सहाला शिट्टी झाली. माणसांचा लोंढा तिच्या दोन्ही बाजूंनी खाली ओसंडला आणि पाच मिनिटांत वळणाआड गेला. ही मागे. टाच, ताठ गुडघा, टाच, ताठ गुडघा. घाटातली वळणं कठड्यावर पांढऱ्या आकड्यांनी रंगवलेली होती. एक. दोन. प्रत्येक वळणाला ती दरीपासून लांब, डोंगराच्या भिंतीला घासून जायची. तीन. चार. एकदा पायाखालून खडा निसटला आणि तो कठड्याच्या फटीतून खाली गेला. त्याचा आवाज ऐकायला ती थांबली नाही, तरी कान थांबले.

उन्हाळ्यात एरवी दिवस चढतो तसं ऊन चढतं. इथं दुहेरी होतं. दिवस वर चढत होता आणि ही खाली तापलेल्या हवेत उतरत होती. सहाव्या वळणाला गारवा संपला. सातव्याला हवा गरम. त्यापुढे डांबराचा वास यायला लागला. कोरडी हवा घशाला कानशीसारखी लागत होती. मांड्या आधी दुखल्या, मग जळल्या, मग त्यांना बारीक थरथर सुटली, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखी. तेरा किलोमीटरची पाटी आली तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. वेळेच्या किंचित पुढे होती ती.

पाटीच्या पुढेच कठड्यावर नऊचा आकडा होता.

त्या जागी कठड्याचे बारा-पंधरा दगड बाकीच्यांपेक्षा उजळ होते. अकरा वर्षांची ऊन-थंडी खाऊनही ते जुन्यांत मिसळले नव्हते. मावशीनं ते बघितलं आणि तिचा उजवा गुडघा मांडीनं सोडून दिल्यासारखा दुमडला. ती पडली नाही; कठडा हाताला लागला. तोच कठडा. पलीकडे नुसती हवा होती, आणि खूप खाली झाडांचे शेंडे. ती ओरडली असावी, पण ऐकायला कुणी नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि वाट पाहिली. दीड महिना तिला वाटत आलं होतं की इथं आल्यावर आठवेल. पाना, चाक, भोंगा, अर्धा फेरा. दिला की नाही. काही आठवलं नाही.

आणि तेवढ्यात तिला तो वास आला. जळक्या लायनरचा.

आधी वाटलं, डोक्यातला वास आहे. मग मागून गाडीचा आवाज आला. शर्यत सोडलेल्यांना गोळा करत येणारी मिनीबस, पळणारे लोक तिला झाडू म्हणत. आत आठ-नऊ जण, लाल तोंडाचे, दमलेले. मिनीबस तिच्या शेजारी येऊन थांबली. गॉगलवाला ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "या मावशी, बसा. तेरा झाले की, पुष्कळ झाले. आता काय घाटाला हरवणार आहात?"

मावशी मागच्या चाकाकडे बघत होती. धुराची बारीक रेघ.

"कोणत्या गिअरला उतरतोयस?"

"काय?"

"गिअर विचारतेय, लग्नाची तारीख नाही!"

"न्यूट्रल. एवढं हळू जायचं तर गिअर कशाला, डिझेल जातं उगाच. ब्रेक आहेत ना."

"पाय कधीपासून दाबलायस?"

"वरपासूनच."

वरपासून. समितीच्या कागदात हाच शब्द होता.

खोटं कशाला सांगा, मावशीचा पहिला विचार पळून जायचा होता. आठ वाजून आठ मिनिटं. आठ किलोमीटर बाकी. इथं भांडत बसलं तर पैज गेली, पैज गेली तर पोर घाटात. आणि ही गाडी लागली उताराला तर वाटेत सगळ्यात आधी आपणच. तिनं दोन पावलं टाकलीही. मग खिडकीला डोकं टेकून झोपलेली एक पोरगी तिला दिसली, तिच्या लेकीच्या वयाची.

"सगळे खाली उतरा!" ती ओरडली. "उतरा म्हणते ना! गाडीचे ब्रेक जळालेत!"

"ओ मावशी, लोकांना घाबरवू नका. तुम्ही कोण?"

"मी ब्रेक बसवते. बावीस वर्षं. दाब पेडल. दाब आणि सांग मला कुठपर्यंत जातंय."

त्यानं पाय उचलून पुन्हा दाबला, तिला खोटं पाडायला. पेडल तळाला टेकलं. मिनीबस दोन हात पुढे सरकली.

आत एकच किंकाळी उठली. ड्रायव्हरनं हँडब्रेक खेचला, गाडी आचका देऊन रेंगाळली, आणि मावशीनं रस्त्याकडेचा दगड छातीशी कवटाळून आणला नि पुढच्या चाकाखाली सारला. मग दुसरा. माणसं दारातून एकमेकांवर पडत बाहेर आली. गाडीतला एक स्वयंसेवक पाण्याची बादली घेऊन चाकाकडे धावला.

"खबरदार! तापल्या ड्रमवर पाणी ओतायचं नसतं, तडकेल! ते पाणी माणसांना पाज."

ड्रायव्हरचा गॉगल कुठंतरी पडला होता. बिनगॉगलचा तो अगदीच पोरसवदा दिसत होता. "कालच सर्व्हिसिंगहून आणली हो मावशी. आईशप्पथ. चारही चाकांना नवे लायनर आहेत."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली.

नवे लायनर. काल बसवलेले. कुणीतरी, कुठल्यातरी वर्कशॉपात, पाना नीट फिरवून बसवले असतील. आणि नऊ वळणांत जळून गेले. त्यानं तिचा अर्धा फेरा सिद्ध होत नव्हता. तो दिला असेल, नसेल. पण अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला असं दिसलं की दिला असला तरीही ती बस गेली असती.

"ही गाडी इथून हलणार नाही. वरून दुसरी मागव," ती म्हणाली. "आणि ऐक, ज्या गिअरला घाट चढतोस ना, त्याच गिअरला उतरायचं. गाडीला इंजिन धरून ठेवतं. ब्रेक दाबायचा आणि सोडायचा. दाबून बसलास की तो तुझा राहत नाही."

हे वाक्य तिनं आजवर शंभर नव्या ड्रायव्हरांना ऐकवलं होतं. या वेळी बोलता बोलता तिची नजर स्वतःच्या थरथरणाऱ्या मांड्यांवर गेली. तेरा किलोमीटर, वरपासून, एकदाही न सोडता.

"मूर्ख बाई," ती मोठ्यानं म्हणाली. ड्रायव्हरला वाटलं, त्यालाच शिवी आहे म्हणून त्यानं मान खाली घातली.

आठ वीस. ती निघाली. पावलं लहान केली, वीतभर, भराभर. टाच रोवणं सोडलं. अंग थोडं पुढे. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता सुटले, आता गडगडले. पण पाय पडत होते, चटचट, पहिल्या गिअरच्या इंजिनासारखे, आवाज जास्त आणि वेग बेताचा. मांड्या जळत होत्या, पण सोडून देत नव्हत्या. दहा. अकरा. एका वळणाला समोरून वारा आला तोही भट्टीतला. पाणी डोक्यावर ओतलं की रस्त्यावर पडायच्या आत वाळायचं. बाराव्या वळणानंतर ती भिंतीला घासून जायचं विसरली. आठवलं तेव्हा पुन्हा घाबरली आणि पुन्हा भिंतीला गेली. सुधारणा एका दिवसात होत नसते.

घाट संपला आणि शेवटचे दोन किलोमीटर सपाट आले, तेव्हा तिला सपाट रस्त्यावर पळताच येईना. पायांना उतार पाहिजे होता. बदकासारखी डुलत, लोकांच्या टाळ्यांवर चिडत, नऊ सत्तावीसला ती कमानीखालून गेली आणि तिथंच डांबरावर बसली.

लेक धावत आली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. घाटात गाडीचे ब्रेक गेल्याची बातमी फोनवरून खाली आली होती, नवव्या वळणावर, एवढंच. त्यापुढचं कुणी सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं..." ती म्हणाली आणि पुढचं गिळलं. आईच्या पायांवर पाणी ओतत बसली. बाटली रिकामी झाल्यावर म्हणाली, "जिंकलीस. तीन मिनिटं राखून. उद्या ड्युटी नाकारते."

शब्दाला जागणारी पोर. आवाजात एक सुरकुती पडू दिली नाही.

मग मावशीनं तिला सांगितलं. गर्दीत, उन्हात, लाउडस्पीकर बोंबलत असताना. मागचं डावं चाक, भोंगा, अर्धा फेरा. अकरा वर्षं.

"आज आठवलं?" लेकीनं विचारलं.

"नाही. वाटलं होतं, तिथं गेल्यावर आठवेल. कधीच आठवणार नाही बहुतेक." तिनं ओल्या हातानं तोंड पुसलं. "नवव्या वळणाला कोणता गिअर?"

"काय?"

"बहिरी झालीस? कोणता गिअर?"

"दुसरा."

"टाकशील कुठं?"

"सातव्यानंतर सरळ पट्टा आहे तिथं. वळणात नाही."

"मागून कुणी हॉर्न वाजवत बसला तर?"

"वाजवू दे. हॉर्न त्याचा आहे, ब्रेक माझा."

मावशीनं छातीवरचा नंबरचा कागद सोडवला. मग म्हणाली, "पैज मी जिंकले ना? मग तिचं काय करायचं ते मी ठरवीन. जा घाटात."

"आई, तू अजून घाबरलेली आहेस."

"मग? घाबरायचं सोडते, असं म्हणाले का मी?"

तपासणीच्या खड्ड्याला सात पायऱ्या आहेत. सोमवारी सकाळी मावशी त्या उलट्या उतरली, दोन्ही हातांनी कठडा धरून, प्रत्येक पायरीला आईगं म्हणत. वर घाटाची बस उभी होती. टायरवाला दादा हसून हसून लोळायचा बाकी होता. फोरमननं वाकून विचारलं, "काय मावशी, पाठ बरी झाली वाटतं?"

"पाठ बरी आहे. मांड्या गेल्यात."

चारही चाकं तिनं स्वतः बघितली. मागच्या डाव्या चाकाशी आल्यावर तिनं पाना लावला आणि लेकीला खाली बोलावलं. "बघ. आणि मोठ्यानं म्हण." लेक खड्ड्यात उभी राहून म्हणाली, "अर्धा फेरा दिला." मावशीनं पाना काढला, पुन्हा लावून बघितला, आणि कार्डावर सही केली. फोरमननं शिक्का मारला.

लेकीनं तिला हाताला धरून खड्ड्यातून वर ओढली, मग गाडीत चढली. बस फाटकाबाहेर गेली. मावशी तिथंच उभी राहिली, हातात पाना, उजवा पाय जमिनीत दाबलेला, कान रस्त्याला. पहिला गिअर. दुसरा. चौकाशी आवाज खाली आला, पुन्हा चढला. तिसरा. मग रस्त्यावरच्या बाकी गाड्यांमध्ये तो मिसळला, तरी ती ऐकत होती.